सगळ्यांनी खालचा सूर निवडला

त्या दुपारी प्रयोगशाळेत दोन मुलींनी कानांवर हात ठेवले होते, आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून विचारत होते की आवाज का येत नाही.

मी बनारसला, शहराबाहेरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दुसऱ्या वर्षाला फिल्टरचा एक प्रयोग असतो. फिल्टर म्हणजे आवाजाची चाळणीच. एका बाजूने सगळे सूर आत सोडायचे आणि दुसऱ्या बाजूने आपल्याला हवा तेवढा एकच बाहेर येऊ द्यायचा. कोणता सूर पार जाईल ते सर्किटमधले रेझिस्टर आणि कपॅसिटर ठरवतात. पुस्तकात एक उदाहरण सोडवून दिलेलं असतं आणि मुलं तेच उतरवतात, म्हणून मी माझी एक पद्धत पाडली होती. प्रत्येक टेबलाने आपली फ्रीक्वेन्सी आपणच निवडायची, गणित मांडायचं, सर्किट जोडायचं, आणि शेवटी छोटा स्पीकर लावून तो सूर सगळ्या वर्गाला ऐकवायचा. लाट पडद्यावर दिसली की मार्क मिळतात, पण कानाने ऐकल्याशिवाय आपण काही केलं असं वाटत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

खिडकीजवळच्या टेबलावर एक अबोल मुलगी होती. विणकरांच्या मोहल्ल्यातून यायची. तिने चार हजार हर्ट्‌झ निवडले होते, म्हणजे बऱ्यापैकी वरचा, शिट्टीसारखा सूर. तिने स्पीकर जोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मला काहीच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, कुठेतरी तार सुटली असेल, पुन्हा तपास. तिने तपासलं आणि परत माझ्याकडे पाहिलं. मी जवळ गेले, तारा हलवून पाहिल्या, बॅटरी बदलायला सांगितली. तेवढ्यात पाहिलं तर पलीकडच्या टेबलावरच्या दोघींनी कान झाकले होते आणि मागचा एक जण तोंड वाकडं करून हसत होता.

ती मुलगी हळूच म्हणाली, "मैडम, आ तो रही है."

मी पडद्याकडे पाहिलं. लाट उभी होती, भरघोस, जराही न थरथरणारी. तिचं सर्किट अगदी बरोबर होतं. मी वाकून कान स्पीकरला जवळजवळ टेकवला, तेव्हा कुठे खूप लांबून यावं तसं काहीतरी बारीक जाणवलं. मान वर केली तर सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. त्या आवाजाने त्यांचे दात आंबत असणार, आणि त्यांची शिकवणारी बाई स्पीकरला कान लावून उभी. मी "ठीक है, बंद करो" एवढंच म्हटलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे काय पाहिलं ते आज आठवत नाही. कानशिलं तापली होती ते आठवतं.

खरं तर मला हे माहीत नव्हतं असं नाही. घरी बरेच दिवस चाललं होतं. पुण्याला असलेल्या मुलीने फोनवर शनिवारी येते म्हणून सांगितलं, ते मी ‘रविवारी’ असं ऐकलं. ती आली तेव्हा आमच्या दाराला कुलूप. आम्ही दोघं नदीपलीकडे एका ओळखीच्या घरी गेलो होतो. ती पायरीवर बॅग घेऊन बसून राहिली, आणि परत आल्यावर मी तिलाच बोलले की नीट सांगायला काय होतं. मग फोनला दोष दिला, नेटवर्कला दिला. यजमान रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तोंडातल्या तोंडात बोलतात, असंही मी ठरवून टाकलं होतं. बालाजी घाटावरच्या आमच्या मराठी वस्तीच्या गल्लीत शेजारणी काही विचारायच्या, मी हसून मान हलवायची आणि पुढे व्हायची. आवाज येत नव्हते असं नव्हतं. बोलणं येत होतं, शब्द येत नव्हते. माणसं ओल्या कापडातून बोलताहेत असं वाटायचं.

पुढच्या आठवड्यात त्याच प्रयोगाचा दुसरा तास होता. मी मनाशी ठरवून गेले होते की या वेळी पडद्याकडेच बघायचं, कानांच्या भानगडीत पडायचं नाही. पहिल्या टेबलाने स्पीकर लावला आणि मला स्वच्छ ऐकू आलं. जाडसर, घुमणारा सूर. दुसऱ्या टेबलाचाही आला. तिसऱ्याचाही. मी खूश झाले. वाटलं, त्या दिवशी सर्दी असेल, काहीतरी असेल, उगाच जिवाला लावून घेतलं. खिडकीजवळच्या टेबलाशी पोचले तर त्या मुलीच्या सर्किटमध्ये दोन कपॅसिटर बदललेले होते. दहापट मोठे लावले होते. त्याने सूर दहापट खाली येतो, चार हजाराचा चारशे होतो. मी विचारलं, का बदललं, आधीचं तर बरोबर होतं. ती खाली बघून म्हणाली की हाच जास्त चांगला वाटला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मागे वळून एकेका टेबलावरची वही पाहिली. मागच्या आठवड्यात कोणी तीन हजार निवडले होते, कोणी पाच हजार. सगळ्यांनी खोडून नवीन गणित केलं होतं. एकाही टेबलाने हजाराच्या वर काही ठेवलं नव्हतं. सगळा वर्ग माझ्यासाठी खाली उतरला होता, आणि सगळे आपापल्या तारांकडे बघत बसले होते, माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं.

मुलं हसली असती तर मी रागावले असते. रागात माणसाला उभं तरी राहता येतं. या त्यांच्या शहाणपणापुढे मला उभं राहवेना. मी हजेरीचं निमित्त करून खुर्चीत बसले आणि तास संपेपर्यंत उठले नाही. घरी परतताना ई-रिक्शात शेजारच्या बाईने काहीतरी विचारलं. मी मान हलवली. तिने परत विचारलं, बहुतेक सरकून बसता का असं, आणि शेवटी तीच उतरून पुढे बसली.

कान तपासायला मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, लंका नावाच्या भागात गेले. आमच्या भागात दवाखाने नाहीत असं नाही, पण तिथे ओळखीचं कोणी भेटलं असतं. यजमानांना कॉलेजचं काम सांगितलं. एका बंद खोलीत बसवून कानात सूर सोडतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. मी काही सूर ऐकू न येताही दाबले, अंदाजाने. आतल्या बाईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तेच पुन्हा घेतले. मग त्यांनी कागद समोर ठेवला. त्यांनी समजावून सांगायची गरज नव्हती. डावीकडून सपाट चालत येणारी आणि मध्यावर पोचली की एकदम खाली घसरणारी ती रेघ मी फळ्यावर इतकी वर्षं काढत आले होते. खालचे सूर जाऊ देणाऱ्या आणि वरचे अडवणाऱ्या फिल्टरचा आलेख असाच असतो. मुलांकडून मी तो पाठ करून घेते. आज तो माझ्या कानाचा होता.

बाई म्हणाल्या की वयाने होतं, पुष्कळांना होतं, कानामागे मशीन लावलं की बरंच सुधारेल. मशीन हा शब्द ऐकला आणि मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या नात्यातल्या एक आत्याबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या कानात पिवळट गोळा असायचा, तो मधेच किंचाळायचा, आणि पंगतीत मुलं त्यांच्यामागे उभी राहून नुसते ओठ हलवून त्यांची चेष्टा करायची. मी मशीन लावणार नव्हते. मला ते स्वतः बनवता येत होतं.

म्हणजे असं मला वाटलं. हल्ली कानात इयरफोन घालून कोणी फिरलं तर त्याला कोणी बहिरं म्हणत नाही, गाणी ऐकतोय म्हणतात. म्हणून मी छोट्या डबीत एक माइक बसवायचं ठरवलं, त्याच्यापुढे फिल्टर, त्याच्यापुढे आवाज वाढवणारा भाग, आणि शेवटी साधे तारेचे इयरफोन. जो पट्टा माझ्या कानातून गेला होता तोच निवडायचा आणि मोठा करून परत आत सोडायचा. स, श, च, त, या अक्षरांचा जीव दोन हजारापासून चार हजारापर्यंतच्या पट्ट्यात असतो. अ, आ, ओ खाली राहतात. म्हणून मला माणसांचं बोलणं येत होतं आणि शब्द येत नव्हते.

पहिल्यांदा मी पट्टा फार अरुंद ठेवला. वाटलं, जितकं नेमकं तितकं चांगलं. यजमान पलीकडच्या खोलीत पेपर मोठ्याने वाचत होते. मी डबी लावली तर त्यांचा आवाज पितळेच्या लोट्यात तोंड घालून बोलल्यासारखा आला, प्रत्येक अक्षराला शेपूट. फिल्टर फार नेमका केला की तो वाजत राहतो, हेही मीच वर्गात शिकवते. मग पट्टा रुंद केला, आणि मूळ आवाजही थोडा सोबत सोडला, कारण नुसती व्यंजनं म्हणजे कुजबुज. रेझिस्टर बदलत, पुसत, परत गणित करत बरेच दिवस गेले. यजमानांनी एकदा विचारलं की एवढं काय करतेस, मी म्हटलं मुलांचं प्रोजेक्ट. आणि एका सकाळी ते नेहमीसारखे पेपर वाचत होते आणि मला त्यांचा "शास्त्रीय" हा शब्द पूर्ण ऐकू आला, श आणि स्त्र दोन्ही. मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. ते तोंडातल्या तोंडात बोलत नव्हते. ते कधीच तसं बोलत नव्हते.

डबी पिशवीत घालून, तार पदराखालून घेऊन मी कॉलेजला जायला लागले. वर्गात बरं चाललं. मुलांनी पाहिलं असेल, पण कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, निभावलं.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून एक परीक्षक आले होते, दुसऱ्या जिल्ह्यातले, वयाने माझ्याहून लहान. विभागप्रमुख त्यांना घेऊन प्रयोगशाळेत शिरले तेव्हा माझ्या कानात इयरफोन होते. विभागप्रमुखांनी पाहुण्यासमोर, सगळ्या मुलांसमोर विचारलं, "मैडम, एग्ज़ाम में गाना?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "सॉरी सर, ध्यान नहीं रहा." आणि इयरफोन काढून पिशवीत टाकले. परीक्षेच्या दिवशी गाणी ऐकणारी बेजबाबदार बाई, ही माझी ओळख मी स्वतःच्या हाताने लिहून दिली, कारण दुसरी ओळख मला त्याहून नकोशी होती.

तोंडी परीक्षा सुरू झाली. परीक्षक प्रश्न विचारायचे, मुलं उत्तर द्यायची, आणि मला बोलणं परत ओल्या कापडातून येऊ लागलं. मी ओठ बघून मान हलवत राहिले. मग खिडकीजवळची ती मुलगी आली. ती मुळातच हळू बोलणारी. परीक्षकांनी काहीतरी विचारलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे गेली, खडू घेतला आणि उत्तर लिहायला लागली. मोठ्या अक्षरात, बाजूला उभी राहून, मला दिसेल असं. परीक्षक काहीतरी बोलले. तिने मान हलवली आणि लिहीत राहिली. त्यांचा चेहरा आक्रसला. नंतर कळलं की ते म्हणाले होते, तोंडाने सांगा, आणि तिने लिहूनच नीट सांगता येईल असं उत्तर दिलं होतं, आणि त्यावर ते म्हणाले होते की पाठ करून आलेल्यांचं असंच असतं. मला तेव्हा यातलं काही ऐकू आलं नाही. मला एवढंच दिसलं की त्यांनी तिला थांबवायला हात वर केला आणि मार्कांच्या कागदावर पेन टेकवलं. ती फळ्यापाशी खडू धरून उभी राहिली, आणि माझं नाव तिने घेतलं नाही.

मी उठले. माझा आवाज किती मोठा निघाला ते मला कळलं नाही.

"सर, वो मेरे लिए लिख रही है. मुझे सुनाई नहीं देता."

इतके दिवस झाकलेली गोष्ट बाहेर पडली तर मोकळं वाटेल असं लोक म्हणतात. मला मोकळं वाटलं नाही. भर बाजारात पदर सुटावा तसं वाटलं. परीक्षकांना कसंतरी झालं असावं, कारण त्यांनी लगेच पेन उचललं, तिला बसवलं, सगळं नव्याने विचारलं आणि तिने लिहिलेलं शेवटपर्यंत वाचलं. तिला चांगले मार्क मिळाले. पण त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी ओरडून बोलले. प्रत्येक शब्द तोडून, तोंड मोठं उघडून, चहा घेणार का हेसुद्धा. ओरडल्याने अ आणि आ वाढतात, माझी गेलेली अक्षरं वाढत नाहीत. हे मी त्यांना सांगू शकले असते, तेही इलेक्ट्रॉनिक्सचेच होते. मी फक्त मान हलवली.

विभागप्रमुखांनी दुसऱ्या दिवशी खोलीत बोलावलं. ते रागावलेले नव्हते. आधी सांगायचं होतं, म्हणाले, मी सगळ्यांसमोर तसं बोललो नसतो. मग म्हणाले की व्याख्यानं दुसऱ्या कोणाला देतो, तुम्ही ऑफिसचं काम बघा, आराम मिळेल. भलेपणानेच म्हणत होते. मी म्हटलं, प्रयोगशाळा माझ्याकडे राहू दे. हे मी मागितलं तेव्हा माझा स्वर विनवणीचा होता, नोकरीला नुकत्याच लागलेल्या माणसासारखा. ते जरा विचार करून हो म्हणाले. व्याख्यानं गेली. ती आता एक तरुण सर घेतात, चांगली घेतात.

त्या मुलीला मी व्हरांड्यात गाठलं. आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी विचारलं, तू सगळ्यांना सांगितलंस का, माझं. तिने नाही म्हणून मान हलवली. मग माझ्यासमोर येऊन, तोंडावर उजेड पडेल अशी उभी राहून, सावकाश म्हणाली, "किसी से नहीं कहा, मैडम. सब समझ गए थे. मेरे पापा भी ऊँचा सुनते हैं, लूम पर काम करते-करते. घर में हम लोग उन्हें ऐसे ही बताते हैं." पॉवरलूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी यजमानांना सांगितलं. लंकेचा कागदही पुढे केला. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले, त्यांना त्यातलं कळत नव्हतं हे मला कळत होतं. मग म्हणाले, "अगं, मला माहीत आहे."

मी विचारलं, केव्हापासून.

"मुलगी पायरीवर बसून होती ना, तेव्हापासून. म्हणून तर पेपर मोठ्याने वाचतो."

मी त्यांना विचारलं की मग बोलला का नाहीत. ते म्हणाले की तू नाकारलं असतंस, आणि ते खरंच होतं. मग जरा थांबून त्यांनी उरलेलं सांगितलं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या की मास्तरीणबाईंना गर्व आहे, हाक मारली तरी बघत नाहीत. तेव्हा त्यांनी एकेकीला सांगून टाकलं होतं की तिला कमी ऐकू येतं, मनावर घेऊ नका. दूधवाल्यालाही सांगितलं होतं. देवळातल्या गुरुजींनाही. म्हणजे मी पदराखाली तार लपवून ज्या गल्लीतून रोज जात होते, त्या गल्लीत माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्यावर चिडले, हे सांगायला हवं. माझी लाज त्यांनी मला न विचारता वाटून टाकली असं मला वाटलं. रात्री जेवताना त्यांनीच आधी वाढलं.

आता कानामागे मशीन आहे. ते माझ्या डबीपेक्षा पुष्कळ चांगलं काम करतं, कबूल करायला हवं. लावून पहिल्यांदा घाटाकडे उतरले तेव्हा केस त्याच्यावर ओढून घेतले होते, आणि वाऱ्याने ते पुन्हा पुन्हा मागे जात होते. खाली होड्यांची इंजिनं धडधडत होती. आमच्या शेजारच्या वहिनी सुनेबरोबर वर येत होत्या. "कशा आहात?" त्यांनी विचारलं, आणि मी पहिल्याच वेळी ऐकून उत्तर दिलं. त्यांना आनंद झाला, मलाही झाला. त्या दोन पायऱ्या वर गेल्या, आणि पाठीमागून हळू आवाजात त्यांनी सुनेला म्हटलेलं मला स्वच्छ ऐकू आलं.

"बिचारी."

मधला च अगदी धारदार आला. मी वळले नाही. तिथेच कठड्याला धरून थोडी थांबले. हात आपोआप कानाकडे गेला, मशीन बंद करावं म्हणून. मग तो खाली घेतला, आणि पुढे उतरत राहिले.